ध्यानानंतरचा आकडा

त्या सकाळीही नाना ध्यानातून उठले आणि त्यांनी कुमुदसमोर हात धरला. देवपूरच्या कॉलेजात शास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीने रोजच्यासारखा ब्लडप्रेशरचा पट्टा आवळला.

“काय म्हणस तुनं यंत्र? उतरनं का?”

“बसण्याआधी होतं तेवढंच आहे, नाना.”

“तुनं यंत्रबी तुनासारखंच नास्तिक शे,” म्हणत नाना हसले.

नानांचं तेरावं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी कुमुद त्यांच्या आसनावर अर्धा तास डोळे मिटून बसली. आधी आणि नंतर तिने पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. तिचा आकडा मात्र खरोखरच जराही हलला नाही.

“तुमचं रोज उतरायचं, नाना,” ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.