छत्तीस घरांचं धुणं

सातव्या मजल्यावर सौरवनं बायकोची पिवळी साडी वाळत घातली, दिवा लावला आणि तिथं एक कुटुंब राहायला आलं.

सहाव्यावर त्यानं स्वतःची बनियन टांगली. पाचव्यावर मुलीचा शाळेचा फ्रॉक. चौथ्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या. आत नुसतं पाणी होतं. कोराडी रोडवरून बघणाऱ्याला वाटावं, बिल्डिंग कशी नांदती आहे.

घरं चाळीस. छत्तीस विकली गेली होती आणि राहायला एकही माणूस आला नव्हता. सदर बाजारातल्या एका दुकानदारानं अख्खा तिसरा मजला घेतला होता. तिथं जिना कुठून जातो हेही त्याला ठाऊक नव्हतं. घरं कुलपात बसून महाग होत होती. पण अंधाऱ्या बिल्डिंगीतली उरलेली चार घेणार कोण? म्हणून विक्री बघणाऱ्या केयूर साहेबांनी सौरवला ठेवलं होतं. रोज संध्याकाळी सहा ते नऊ, छत्तीस घरांत राहायचं. धुणं सौरवच्या घरचंच. त्याच्या भाड्याच्या खोलीत दोरी बांधायला जागा नव्हती, त्यामुळे बायकोची, पिंकीचीही हरकत नव्हती.

ती खोली घरमालकानं विकायला काढली होती. दिवाळीपर्यंतची मुदत. उरलेल्या चारांतलं पार्किंगमागचं, ऊन न येणारं घर सौरवनं हेरून ठेवलं होतं. पाच वर्षांची बचत आणि बँकेचं कर्ज मिळून आज कुठं त्या घराच्या भावापर्यंत हात पोचला होता. टोकनचा चेक घेऊन तो खाली ऑफिसात गेला.

"भाव वाढला ना गा कालपासून," केयूर साहेब म्हणाले. "चार लाखानं."

"काहून, साहेब?"

"डिमांड आहे ना बे! गिऱ्हाईक रोडवर उभं राहते, एवढे लाइट पाहते, अन् म्हणते, लोकं राहून राहिले म्हणजे एरिया चांगला."

"पण लाइट तर मीच लावतो."

"मंग? पगार काय फुकट देऊन राहिलो तुले?"

सौरव बाहेर आला. मान वर करून बघितलं. खरंच, बिल्डिंग भरलेली दिसत होती. क्षणभर त्यालाही हेवा वाटला. सगळे त्याच्याहून बरे राहत होते. मग सातव्यावर पिंकीची साडी हलली, आणि त्याच्या कानशिलातून वाफ निघाली. बायकोच्याच साडीनं त्यानं स्वतःच्या घराचा भाव वाढवला होता.

तो दाणदाण जिने चढला. साडी अशी ओढली की चिमटे खाली पार्किंगपर्यंत उडाले. फ्रॉक ओढला. बनियन ओढली. खटाखट बटणं बंद केली. अर्ध्या तासात त्यानं छत्तीस कुटुंबं रस्त्यावर आणली.

खाली एक गिऱ्हाईक गाडीतून उतरत होतं. केयूर साहेब धावत आले, दबक्या आवाजात ओरडले, "अबे, अंधार काहून केला? लोकं कुठं गेले म्हणून सांगू गिऱ्हाइकाले?"

सौरवनं ओल्या कपड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"सांगा, भाव वाढला. कोणालेच परवडलं नाही. छत्तीसही फॅमिल्या माझ्या एका खोलीत राहाले चालल्या. दिवाळीपर्यंत."