मोबाइलचा नाद

"नाद आहे का विचारलं तर काय सांगशील?" मुरबाडच्या नाक्यावर गाडी वळवत अनंतामामाने विचारलं.

"नाय म्हणून सांगीन," सुनिल म्हणाला.

"अडखळायचं नाय. मागच्या टायमाला अडखळलास, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली."

मागच्या सीटवर सुनिलच्या आईने, धोंडीबाईंनी, नारळाची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "दोन स्थळं गेली त्या मोबाइलपायी. हे तिसरं. आता गेलं तर मी कोनाच्या दारात जानार नाय, सांगून ठेवते."

सुनिलने घड्याळ पाहिलं. साडेबारा. संध्याकाळी सहाला गेमच्या स्पर्धेची फायनल होती, आणि गाडीतल्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

सत्ताविशीच्या पोराने वाशिंदच्या कारखान्यात आठ तास खोकी बांधून आल्यावर काय करावं, याबद्दल आसनगावात सगळ्यांची मतं ठरलेली होती. दिवसभर क्रिकेटच्या मैदानात उंडारलं तर चालत होतं. पारावर बसून लोकांच्या सुनांची उणीदुणी काढली तरी चालत होतं. मोबाइलवर बंदूक चालवली की मात्र पोरगा वाया गेला.

मतं सुनिलचीही होती. गेममधल्या बाहुल्यांना पैसे मोजून कपडे घेणारे येडे. गवतात लपून बसणारे भुरटे. आणि माणूस ओळखावा तर गेममध्येच. साथीदार पडल्यावर त्याची बंदूक उचलून पळतो तो परका, त्याला उचलायला मागे फिरतो तो आपला.

असा मागे फिरणारा त्याला एकच भेटला होता. घाटवाघ. हे त्याचं गेममधलं नाव. खरं नाव-गाव दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही. आठ महिने ते जोडीने खेळत होते. घाटवाघचा माईक कायम बंद. 'घरात माणसं आहेत,' एवढंच लिहून यायचं. हा कुठल्यातरी शाळेतला मास्तर असणार, दिवसा पोरांना मोबाइल वाईट म्हणून सांगणारा, असं सुनिलने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि त्याला त्याची गंमतही वाटायची.

वैशाखरे गावात मुलीच्या वडिलांच्या, बारकूशेठच्या, अंगणात नुकतीच भाताची झोडणी झाली होती. पाव्हण्यांना ओटीवर बसवलं. पाणी आलं, पोहे आले, मग माधुरी आली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिने मान वर करून उत्तरं दिली. सुनिलचा गुडघा सारखा हलत होता. आईने पदराआडून त्याला चिमटा काढला. सव्वादोन वाजले होते.

"दोघं जरा अंगणात बोला," बारकूशेठ म्हणाले, आणि स्वतः ओटीच्या कडेला सुपारी कातरत बसले. कान अंगणातच होते.

"सुट्टीच्या दिवशी काय करता?" माधुरीने विचारलं.

"झोपतो."

ती हसली. "मीपन झोपले असते, पन आई झोपू देत नाय."

सुनिलला ती आवडली. साफ आवडली. सगळं खरं सांगून टाकावं असं क्षणभर त्याच्या ओठांवर आलं. तेवढ्यात तिनेच आवाज खाली घेऊन विचारलं, "मोबाइलवर गेम-बिम खेळता का?"

ओटीवरचा अडकित्ता थांबला.

सुनिलने ओटीकडे पाहिलं. "नाय!" तो ओटीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला. अडखळला नाही, म्हणून त्याला आणखी चेव आला. "रिकामटेकड्यांचे धंदे ते. असली मानसं मला दारात उभी नाय चालत."

"बरं," माधुरी म्हणाली, आणि झोडलेल्या भातावरची कोंबडी हाकलत घरात गेली.

अडकित्ता पुन्हा चालू झाला.

"एक नंबर बोललास, भाच्या," परतीच्या वाटेवर मामाने पाठ थोपटली. सुनिलला मात्र चैन पडेना. आपण घाटवाघचीच बंदूक घेऊन पळालो असं त्याला वाटत राहिलं. पण मुलगी मनात भरली होती. लग्न झाल्यावर हळूच खरं सांगू, जमलं तर तिलाही खेळायला शिकवू, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

सहाला पाच मिनिटं असताना तो घरामागे पाण्याच्या टाकीजवळ येऊन बसला. तिथे रेंज पुरी मिळायची. घाटवाघ अगदी शेवटच्या मिनिटाला आला आणि कधी नव्हे ते वेड्यासारखा खेळला. नेम चुकत होते, उघड्यावर धावत होता. तरी शेवटी सुनिल पडला तेव्हा भर गोळीबारात मागे फिरलाच. दोघेही गेले. दुसरा नंबर आला.

हळहळायलाही वेळ मिळाला नाही. मामाचा फोन आला.

"नाय म्हनतात रे. बाप तयार होता, पोरीनंच मोडलं. तुझ्या नादाचं कोनीतरी कानावर घातलं असनार, दुसरं काय!"

धोंडीबाईंना कळलं. परत आणलेला नारळ देवापुढून उचलून त्यांनी फडताळात ठेवून दिला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सुनिलला बरं वाटलं असतं. त्याला रडू आलं. तो पुन्हा टाकीजवळ गेला आणि त्याने घाटवाघला लिहिलं, 'मी आजपासून गेम सोडतो. याच्यापायी तिसरं स्थळ गेलं. तू चांगला खेळतोस. दुसरा जोडीदार बघ.'

स्क्रीनवर अक्षरं उमटली.

'घाई करू नको. गेम खेळणाराच पाहिजे असंही कोणाला वाटत असेल. आज मला बघायला आसनगावचा एक जण आला होता. मला खूप आवडलेला. पण गेम खेळणारे रिकामटेकडे म्हणाला, म्हणून मी नाय सांगून टाकलं.'