ऐच्छिक पेपर

चौकोन चार, टिक एकच करायची, आणि भाचीचा हात माऊसवर नुसता बसून होता. कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटचे सक्तीचे पेपर तिने केव्हाच खिशात घातले होते. आता एक ऐच्छिक पेपर निवडून दिला की गंगेत घोडं न्हालं. नाव नोंदवायची मुदत आज ऑफिस सुटेपर्यंत होती.

पहिला पेपर हार्डवेअरचा, दुसरा नेटवर्कचा, तिसरा सुरक्षेचा. हे तिन्ही तिने वरवर चाळून बाजूला सारले होते. चौथा ऑटोमेशनचा. माणसाने रोज उठून करायचं तेच ते काम कॉम्प्युटरकडून आपोआप कसं करून घ्यायचं, त्याचा. त्याची सरावाची पुस्तिका मात्र तिच्या हातातून सुटत नव्हती. बसमध्ये तीच, जेवताना तीच. एक प्रश्न सुटला की पुढच्यात काय असेल म्हणून तिला चैन पडायची नाही.

मग घोडं पेंड कुठे खात होतं? मामापाशी.

मामा म्हणजे अख्ख्या ऑफिसचा मामा, पण हिचा सख्खा. हिला इथे चिकटवली त्यानेच. रोज सकाळी तो सगळ्या मजल्यांवर फेरी मारायचा. एकेक कॉम्प्युटर सुरू करायचा, रात्रीची बॅकअपची कॉपी नीट झाली की नाही बघायचा, अडकलेला प्रिंटर सोडवायचा. जाता जाता कुणाच्या स्क्रीनवरचा चहाचा डाग पुसायचा आणि त्याच्या सासूच्या गुडघ्याची चौकशीही करायचा. परवा साहेब हिला म्हणाले, "ऑटोमेशनच कर. तो झाला की सकाळची फेरी बंद करता येईल." आणि मामा? "मामांचं बघू." आता ऑफिसातलं 'बघू' म्हणजे काय, हे कळायला कुठला पेपर द्यावा लागत नाही.

तिने मुकाट्याने हार्डवेअरवर टिक केली. 'पाठवा' दाबणार, एवढ्यात जेवणाचा डबा घेऊन मामाच आला.

"झालं का गं निवडून?" स्टूल ओढून तो शेजारी बसला आणि टेबलावरची पुस्तिका उचलली. मामाला वाचायला काहीही चालायचं, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

"ठेव ना ती, मामा."

ठेवतोय कसला! त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"'एका कार्यालयात एक कर्मचारी रोज सकाळी प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जातो, तो सुरू करतो, रात्रीची कॉपी झाली आहे का ते तपासतो...'" तो थांबला आणि एकदम खुशीत आला. "अगं, हा तर मीच. चहाचे डाग तेवढे लिहायचे राहिले."

तिने पुस्तिका ओढून घ्यायला हात पुढे केला.

"पुढे ऐक. 'या कामातला वेळ वाचवण्याचा योग्य उपाय कोणता? अ, आणखी एक कर्मचारी नेमणे. ब, फेरी संध्याकाळी काढणे. क, सर्व कॉम्प्युटरांची तपासणी एका जागेवरून आपोआप होईल अशी व्यवस्था करणे.' हां, बोल."

"ब," ती म्हणाली.

"ब?" मामाने पुस्तिका खाली केली. "संध्याकाळी फिरलं म्हणून वेळ कसा वाचेल? पाय तेच, जिने तेच. क असणार." त्याने मागचं उत्तरांचं पान काढून खात्री केली. "क. एवढं सोपं चुकतेस?"

मामाने तिच्याकडे नीट पाहिलं.

"लहानपणापासून खोटं बोललीस की कान लाल होतात तुझे. येत होतं ना उत्तर?"

"हो."

"मग?"

"मी हा पेपर दिला की साहेब तुझी फेरी बंद करणार आहेत. पुढे तुझं काय, ते त्यांनाही माहीत नाही." तिने एका दमात सांगून टाकलं. "मला नाही द्यायचा."

मामाने डबा उघडला आणि पुन्हा लावला. घाबरला होता तो. झाकण नीट बसेना, तेव्हा ते तिलाही कळलं. मग त्याचं लक्ष स्क्रीनवर गेलं.

"हे हार्डवेअर आवडतं तुला?"

"नाही."

"आणि हे?" त्याने पुस्तिका वर धरली.

"तसं काही नाही," ती म्हणाली, पण कान फितूर झाले होते.

"तू नाही दिलास तर दुसरं कुणीतरी देईल," मामा म्हणाला, "आणि ते मला विचारायलाही येणार नाही. कर."

तिने टिक हलवली आणि 'पाठवा' दाबलं. डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी आनंदही झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

मामाने पुस्तिका सोडली नव्हती. ओळीखाली बोट धरून तो तोच प्रश्न पुन्हा वाचत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"या माणसाचं पुढे काय होतं गं? दिलंय का कुठे?"

तिने पान उलटलं. पुढचा प्रश्न दुसऱ्याच कार्यालयाचा होता.