उघड्या तोट्या

नारायणने शिडीवरून टाकीत पुन्हा डोकावून पाहिलं. सकाळी गळ्याशी असलेलं पाणी आता गुडघ्याशी आलं होतं. आणि पाहुण्यांच्या गाड्या सिल्वासाहून निघाल्या होत्या.

खेरडीजवळच्या या पाड्यासाठी पंप होता, पाइप होते, घरोघर नळ होते, टाकीला निळा रंगही होता. वीजजोडणी तेवढी नव्हती. पण उद्घाटनाला वीज लागत नाही, पाणी लागतं. मोठ्या साहेबांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं, "पाहुण्यांना पाणी दिसलं नाही, तर उद्यापासून तू मला हपिसात दिसणार नाहीस."

म्हणून नारायणने पहाटेच टँकरवाल्या वाल्मिकला फोन केला होता. "कुठूनही भर, मला विचारू नकोस. टाकी भरली पाहिजे." वाल्मिकने विचारलं नाही. खेपांवर खेपा टाकून टाकी भरली.

मग पाणी जात होतं कुठे? नारायण खाली उतरला आणि पाइपाच्या कडेने पळत सुटला. एकाही जोडावर थेंब नव्हता. ठेकेदाराचा लौकिक पाहता हा चमत्कारच होता. पहिल्याच घराच्या अंगणात मात्र मंजुळाबाई पाटावर बसली होती. समोर नळ धो धो वाहत होता. खाली हंडा, शेजारी कळशी, बादली, पातेलं, डाळीचा रिकामा डबा.

नारायणच्या आता ध्यानात आलं. नळ बसून वर्ष झालं होतं आणि पाड्यात एकाही घराने तोटी कधी बंद केली नव्हती. पाणी आलंच तर कळावं म्हणून सगळ्या उघड्या, प्रत्येकीखाली हंडा.

"मावशी, बंद करा! पाहुणे येतायत!"

"हे बी पाहुणंच आहे, साहेब. वर्षानं दारात आलंय. त्याला कसं परत पाठवू?"

टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करावा, तर मंडपातला हार घातलेला नळही त्याच लाइनवर. नारायण घरोघर तोट्या आवळत सुटला. त्याची पाठ वळली की मागे तोटी उघडत होती. तेवढ्यात हॉर्न वाजला.

पाहुण्यांनी तोटी फिरवली. नळ खोकला. मोठ्या साहेबांनी नारायणकडे पाहिलं, नारायणने जमिनीकडे. नळ पुन्हा खोकला आणि करंगळीएवढी धार लागली. फोटो निघाला. टाळ्या संपायच्या आत धारही संपली, पण तोवर सगळे चहाकडे वळले होते. साहेबांनी नारायणची पाठ थोपटली.

गाड्या गेल्या. नारायण मंडपातल्या खुर्चीत कोसळला. समोरून बायका आल्या. पुढे मंजुळाबाई, हातात जाड दोराचं वेटोळं, त्याला हळदकुंकू लावलेलं.

"साहेब, हा आमच्या विहिरीचा दोर. आता काय कामाचा? तुम्हीच ठेवा आठवण म्हणून."

वीजजोडणी आठवून नारायणने दोर तिच्याकडेच परत सारला. "राहू द्या मावशी. लागेल."

खुर्चीमागून वाल्मिक त्याच्या कानाशी वाकला.

"घेऊन टाका, साहेब. नाय लागणार. सकाळी सारा पाडा नळाशी बसलेला, विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खेपा तिथूनच मारल्या. शेवटच्या खेपेला तळ दिसला."