पूर्ण वेग

पल्लवीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं मन मात्र तिच्याच गेमिंग लॅपटॉपवर चालत होतं, आणि सुधाकर गजभिये रोज चहा घेऊन लेकीशी गप्पा मारायला त्यापुढे बसत. यंदा नागपूरच्या उन्हाळ्यात लॅपटॉप तापून सारखा बंद पडू लागला, तेव्हा त्यांनी तो दुरुस्तीवाल्या शबानाकडे नेला.

"काका, प्रोसेसर थकलाय," शबाना हळूच म्हणाली. "चालतं मन दुसऱ्या मशीनवर हलवता येत नाही. वेग अगदी कमी केला, तर ती वर्षानुवर्षं टिकेल. पण तिचं एक वाक्य पुरं व्हायला आठवडा लागेल. पूर्ण वेगानं ती जेमतेम दहा मिनिटं टिकेल."

"कमीच करा," सुधाकर म्हणाले.

"नको बाबा," लॅपटॉपमधून पल्लवी म्हणाली. "माझ्या एका दुपारच्या गप्पांत तुम्ही डोळ्यांदेखत म्हातारे व्हाल आणि निघून जाल. ते मला बघवणार नाही."

सुधाकरांनी शबानाकडे बघून होकारार्थी मान हलवली. शबानानं वेगाची मर्यादा काढली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

बापलेक आईच्या हातच्या कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीबद्दल बोलले, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून हसले.

"बाबा, सातवीच्या प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच केली होती. कळलं होतं ना तुम्हाला?"

"त्याच दिवशी," सुधाकर म्हणाले.

ते ऐकायला ती होती की नव्हती, हे त्यांना कळलं नाही. लॅपटॉप पार थंड होईपर्यंत त्यांनी त्यावरचा हात काढला नाही.