हीटरच्या चकचकीत पाठीत

उत्तर जपानमधल्या आसाहिकावात पहिल्या बर्फाआधी खिडक्यादारांच्या फटी पट्ट्या चिकटवून बुजवतात. स्कीला मेण चोळायचं तर बोटं गरम लागतात. रॉकेल लाल डब्यांतून घरपोच येतं.

मागच्या हिवाळ्यात स्कीला मेण चोळताना सासऱ्यांची बोटं गारठू नयेत म्हणून तेत्सुरोने गॅरेजची एकूण एक फट बुजवली. रॉकेलच्या पेटत्या हीटरपाशी घुसमटून ते तिथेच गेले. तेत्सुरोने आधी पट्ट्या सोलल्या, मग अँब्युलन्सला फोन केला. पट्ट्यांचं त्याने बायकोला, मिनाएला, कधीच सांगितलं नाही.

आज दोघं त्याच गॅरेजसाठी नवा हीटर बघायला दुकानात आली होती. रांगेतला एकही हीटर पेटवलेला नव्हता.

"अहो, हीटर निवडायचाय, जावई नाही," मिनाए म्हणाली. "बाबांनी तुम्हालासुद्धा एवढं पारखलं नव्हतं."

तेत्सुरो वाकला. जाळीमागच्या चकचकीत पत्र्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसायला हवा होता. दिसले ते शेकायला पुढे केलेले दोन म्हातारे तळवे.

त्याने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. शेजारच्या हीटरमध्ये तळवे आणखी जवळ आले होते. त्याच्या पुढच्या हीटरमध्ये नखांत अडकलेलं मेणही दिसत होतं.

"मला हा आवडला," त्याच हीटरवर हात ठेवत मिनाए म्हणाली. "बघा ना, किती छान ऊब आहे."

बंद दार ढकलावं तसे तळवे आतून पत्र्याला टेकले होते.

त्या दिवशी तेत्सुरोने गॅरेजचं दार उघडलं, तेव्हा सासऱ्यांचा श्वास चालू होता.