उतार

दुष्काळी कामावर बनाबाईनं दोन उन्हाळे खडी फोडली, तेव्हा कुठं तेर गावाकडं जाणारी डांबरी सडक तयार झाली. तिच्यावर अजून एसटी नव्हती, ट्रक नव्हता. बालवाडीत नोकरी लागल्यावर बनाबाई नवऱ्याची सायकल घेऊन याच मोकळ्या सडकेवर चालवायला शिकली. गावात जमीनदार मालकांच्या दारापुढून जाताना बौद्धवाड्यातल्या माणसांना सायकलवरून खाली उतरावं लागायचं. इथं कुणाचं दारच नव्हतं.

ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली. एका सकाळी ते काठी घेऊन सडकेच्या मधोमध उभे राहिले.

"बने, उतर खाली! गावातली रीत इथंबी चालंल!"

बनाबाई नेमकी उतारावरून येत होती. पायडलावरचे पाय काही तिनं काढले नाहीत. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "मालक, बाजूला व्हा! बिरेक लागंना झालाय!"

मालकांनी धोतर सावरत, काठीसकट कडेच्या चारीत उडी घेतली. सायकल सपकन पुढं निघून गेली.

उताराच्या तळाशी थांबलेला नवरा, पिराजी, ओरडा ऐकून घाबराघुबरा धावत आला. "आगं, बिरेक तुटला का काय?"

बनाबाईनं त्याच्यापासून वीतभर अंतरावर सायकल अलगद थांबवली.

"बिरेक चांगलाय," ती म्हणाली. "कुणीतरी उतरायचंच हुतं न्हवं? आज मालक उतरले."